माशीची सोंड, तलावातला स्पंज आणि कॅनडा बाल्सम: व्हिक्टोरियन पद्धतीची टिकाऊ स्लाइड मुंबईच्या घरात कशी करावी

चोर बाजारात घड्याळांच्या सुट्या भागांच्या एका ट्रेमध्ये मला काही वर्षांपूर्वी एक काचपट्टी सापडली. तीन इंच लांब आणि एक इंच रुंद अशा त्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी नक्षीचा लाल कागद डकवलेला होता, मधोमध गोल खिडकी ठेवली होती आणि त्या खिडकीत मधाच्या रंगाच्या थरात एका माशीची सोंड बसवलेली होती. घरी आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा सोंडेच्या टोकाच्या दोन पाळ्यांवरील एक एक बारीक पन्हळ आणि ती उघडी ठेवणारी अर्धवट कडी आजच बसवल्यासारखी स्वच्छ दिसली. अशी कागद लावलेली पट्टी एकोणिसाव्या शतकातली असते. इतका काळ टिकणारी स्लाइड करण्यासाठी लागणारे साहित्य आणि हातोटी आजही घरच्या टेबलावर जमवता येते. मात्र मुंबईच्या हवेचा हिशेब त्यात पहिल्यापासून धरावा लागतो. तो कसा धरायचा, हे मी स्वतः चुकत चुकत शिकलो आणि तेच इथे क्रमाने मांडत आहे.

ज्यांची ही पद्धत आहे त्या माणसांविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यांच्या कामाची रीत समजली की पुढची कृती आपोआप समजते. लंडनची मायक्रोस्कोपिकल सोसायटी १८३९ मध्ये स्थापन झाली आणि तीन इंच बाय एक इंच हे काचपट्टीचे माप तिनेच रूढ केले. आज शाळेच्या प्रयोगशाळेत दिसणारी पट्टी जवळजवळ त्याच मापाची असते. इंग्लंडमध्ये काचेवरचा अबकारी कर १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. त्याआधी अनेकजण हस्तिदंताच्या किंवा हाडाच्या पट्टीला भोके पाडून त्यांत अभ्रकाच्या चकत्यांमध्ये नमुना ठेवत. आयर्लंडमधल्या मेरी वॉर्ड या बाईंनी काच सहज मिळत नसल्यामुळे आपल्या स्लाइड हस्तिदंताच्या कपच्यांवर तयार केल्या, त्यांवरून चित्रे काढली आणि १८५७ मध्ये स्वतःच ती पुस्तकरूपाने छापली. शेफिल्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी कोणत्याही विद्यापीठाच्या नोकरीत नसताना खडकाचे काप प्रकाश आरपार जाईल इतके पातळ घासून स्लाइडवर बसवले आणि त्यातून खडकांच्या सूक्ष्म अभ्यासाची शाखा उभी राहिली. चार्ल्स टॉपिंग हे मात्र धंदेवाईक स्लाइड करणारे होते. त्यांच्या माशीच्या सोंडेच्या स्लाइड इतक्या नावाजल्या की भिंगाची पारख करायला लोक त्याच वापरत. हौशी मंडळींसाठी १८६५ मध्ये लंडनला क्वेकेट मायक्रोस्कोपिकल क्लब निघाला, तर १८७३ मध्ये बाथ येथे अशी एक संस्था सुरू झाली की जिच्या सभासदांमध्ये स्लाइडची पेटी आणि एक वही टपालाने घरोघर फिरत असे. आलेल्या स्लाइड पाहायच्या, वहीत आपले निरीक्षण लिहायचे आणि पेटी पुढच्या सभासदाकडे रवाना करायची.

या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईत येतो आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेतले शल्यवैद्य. पोटापाण्याचा व्यवसाय वैद्यकी, पण फावल्या वेळात हा माणूस मुंबई बेटावरच्या तलावांच्या काठी बसून गोड्या पाण्यातले स्पंज आणि एकपेशीय जीव तपासत असे. मुंबई बेटावरील गोड्या पाण्याच्या स्पंजांचे त्यांनी केलेले वर्णन १८४९ मध्ये प्रसिद्ध झाले. १८५९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १८७२ मध्ये त्यांना रॉयल पदक मिळाले. मुंबईच्याच नमुन्यावरून ओळखल्या गेलेल्या एका स्पंजाला पुढे कार्टेरी हे नाव देण्यात आले. (ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे आणि शरीररचनेच्या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे वेगळे. दोघेही मुंबईचे, दोघेही डॉक्टर आणि दोघेही सूक्ष्मदर्शकात रमणारे असल्याने घोटाळा हटकून होतो.) ज्या तलावांतून त्या काळी पाणी भरले जाई त्यांतले बहुतेक आता बुजले आहेत. धोबी तलाव, गोवालिया टँक, दो टाकी ही नावे बसथांब्यांवर उरली आहेत. या शहरात हौशी अभ्यासकांची परंपरा मात्र पुढे चालू राहिली. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठजणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते.

साहित्य आणि ते कुठून आणावे

सूक्ष्मदर्शक विद्यार्थ्यांचा, चाळीस ते शंभर पट मोठे दाखवणारा, असला तरी पुरतो. काचपट्ट्या, कव्हरस्लिप (नमुन्यावर झाकायची अगदी पातळ काच), वॉच ग्लास (काचेची उथळ वाटी), ड्रॉपर, टोकदार चिमटा आणि कॅनडा बाल्सम हे सर्व प्रिन्सेस स्ट्रीट परिसरात प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते. कॅनडा बाल्सम म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका सूचिपर्णी झाडाचा चीक, नमुना काचेवर कायमचा बसवणारा. तो झायलीन या द्रावकात पातळ केलेला बाटलीतून मिळतो. व्हिक्टोरियन मंडळी तो टर्पेंटाइनमध्ये किंवा क्लोरोफॉर्ममध्ये पातळ करत. कॉलेजात डीपीएक्स नावाचा कृत्रिम पदार्थ वापरतात आणि तोही चांगला आहे, पण माझा कल बाल्समकडेच आहे, कारण तो दीडशे वर्षांच्या कसोटीवर उतरलेला आहे आणि लवंगतेलाशी त्याचे चांगले जमते. लवंगतेल औषधाच्या दुकानात मिळते. निर्जलीकरणासाठी लागणारे ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल लॅमिंग्टन रोडवर सर्किट धुण्यासाठी विकले जाते. पाणी मात्र नळाचे घेऊ नये. त्यातले क्षार सुकल्यावर काचेवर डाग ठेवतात. इन्व्हर्टरच्या दुकानात मिळणारे बॅटरीचे पाणी या कामाला चालते.

बाल्समच का, याचे कारण प्रकाशाच्या वागण्यात आहे. कीटकाचा अवयव हवेत ठेवून खालून प्रकाश सोडला तर हवा आणि अवयव यांच्या प्रत्येक सीमेवर किरण वळतो, विखुरतो आणि आपल्याला काळी आकृती दिसते. काचेचा वक्रीभवनांक, म्हणजे तिच्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, सुमारे १.५२ असतो आणि बाल्समचाही जवळजवळ तितकाच. त्यामुळे काच, बाल्सम आणि वरची कव्हरस्लिप मिळून प्रकाशाच्या दृष्टीने एकच ठोकळा होतो आणि नमुन्याच्या अंतर्भागातून किरण सरळ पार होतो. बाल्सममध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा मात्र काळ्या जाड कड्यासारखा दिसतो, तोही याच कारणाने.

माशीची सोंड

मासळी बाजाराजवळ बसणारी, निळी-हिरवी चकाकणारी मोठी माशी यासाठी उत्तम. ती छोट्या डबीत पकडून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी. सकाळी बाहेर काढून, सामान्य तापमानाला आल्यावर, डोक्यावर सुईच्या बोथट बाजूने हलका दाब द्यावा, म्हणजे आत दुमडलेली सोंड बाहेर सरकते. मग धारदार ब्लेडने सोंडेसह डोके कापून घ्यावे. नवख्याने एकाच माशीवर भिस्त ठेवू नये, कारण तीन-चार सोंडांपैकी एक नीट पसरते.

पहिला टप्पा म्हणजे आतले मांस विरघळवणे. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड सावकाश टाकावे आणि ढवळावे. टाकायचे ते पाण्यात, पाणी त्यावर ओतायचे नाही, कारण द्रावण चांगलेच तापते. हा पदार्थ त्वचेला भाजतो आणि डोळ्यात गेला तर कायमची इजा करतो. म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे, बाटलीवर ठळक अक्षरात नाव लिहावे आणि घरात लहान मूल असेल तर ती कुलपात ठेवावी. व्हिक्टोरियन घरांतही हीच दाहक पोटॅश वापरत. थंड देशात ते काही दिवस चालणारे काम असे, पण मुंबईच्या उन्हाळ्यात १२ ते २४ तास पुरतात. दर काही तासांनी भिंगातून पाहावे. आतला काळपट गर जाऊन सोंड पारदर्शक तांबूस झाली की थांबावे. त्याहून अधिक ठेवली तर सांधे सुटतात आणि केस गळतात.

त्यानंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे आणि शेवटच्या पाण्यात व्हिनेगरचे काही थेंब घालावेत, म्हणजे उरलेला क्षार मारला जातो. आता सोंड काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून, भिंगाखाली, मऊ ब्रशने आणि सुईने तिच्या टोकाच्या पाळ्या पंख्यासारख्या उलगडाव्यात. या कामाला घाई चालत नाही. एकदा नीट पसरली की वरून दुसरी पट्टी ठेवून दोन्ही दोऱ्याने बांधाव्यात आणि जोडी ७० टक्के अल्कोहोलमध्ये तासभर बुडवून ठेवावी. अल्कोहोलने ऊतक कडक होते आणि पसरलेली स्थिती तशीच राहते. फ्रेडरिक इनॉक यांच्यासारखे काही नामवंत कारागीर मात्र कीटक न दाबता, त्यांचा मूळ गोलवा राखून बसवत. ती कला अधिक अवघड आहे आणि सुरुवातीला तिच्या मागे लागू नये.

पुढे ९० टक्के अल्कोहोलमध्ये २० मिनिटे आणि ९९ टक्क्यांमध्ये दोनदा प्रत्येकी २० मिनिटे ठेवावे. या क्रमाचा हेतू एकच, तो म्हणजे पाण्याचा शेवटचा अंशही काढून टाकणे, कारण बाल्सम आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. मुंबईची खरी अडचण इथे आहे. माझ्या पहिल्या पावसाळ्यात ९९ टक्क्यांतून काढलेली सोंड, बाल्समच्या आधीचा टप्पा म्हणून, झायलीनमध्ये टाकताच पांढरा दुधी ढग उठला. नवे अल्कोहोल आणले, पुन्हा तेच झाले. जिथून आणले त्या दुकानाला मी मनोमन दोष देत राहिलो. पण दोष बव्हंशी माझ्याच टेबलावर होता: जुलैच्या दमट हवेत उघड्या वाटीतले शुद्ध अल्कोहोल काही मिनिटांत हवेतली ओल ओढून घेत होते. यावर दोन उपाय आहेत. वाट्या नेहमी काचेच्या झाकणाखाली ठेवाव्यात आणि अल्कोहोल दर वेळी बाटलीतून ताजे घ्यावे, हा पहिला. दुसरा अधिक भरवशाचा आहे, तो म्हणजे झायलीन सोडून लवंगतेल वापरणे. लवंगतेल अल्कोहोलमध्ये उरलेला थोडासा पाण्याचा अंश सहन करते, आणि व्हिक्टोरियन काळात ते इतके लोकप्रिय होते त्याला हे मोठे कारण आहे.

लवंगतेल काचेच्या वाटीतच घ्यावे, कारण काही प्रकारचे स्वस्त प्लास्टिक त्याने चिकट होऊन विरघळते. सोंड तेलावर ठेवली की आधी तरंगते, मग तिच्या कडा तेल पिऊ लागतात आणि ती हळूहळू खाली उतरते. अर्ध्या तासात ती इतकी पारदर्शक होते की पांढऱ्या कागदावर शोधावी लागते. हे खाली उतरणे हीच परीक्षा: तरंगत राहिली किंवा तिच्याभोवती धूसर झाक आली तर आत अजून पाणी आहे आणि पुन्हा ९९ टक्क्यांत जायला हवे.

आता बाल्सम. स्वच्छ पट्टीच्या मध्यभागी तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा थेंब ठेवावा, टिपकागदाने जादा तेल टिपून सोंड त्यात ठेवावी, सुईने सरळ करावी आणि कव्हरस्लिप चिमट्यात धरून तिची एक कड आधी टेकवून दुसरी अगदी सावकाश खाली आणावी. बाल्सम स्वतःच्या ओढीने काठापर्यंत पसरतो आणि हवा पुढे ढकलतो. काही बुडबुडे राहतातच. लहान असतील तर दोन-चार दिवसांत ते कडेला येऊन नाहीसे होतात. एका पावसाळ्यात तीन आठवडे झाले तरी बाल्सम ओलाच होता, म्हणून मी अधीर होऊन पट्टी गॅसच्या मंद आंचेवर धरली. बाल्सम उकळला, तपकिरी झाला आणि आठ दिवसांची मेहनत फेसात गेली. झायलीनची वाफ पेट घेते, त्यामुळे ही चूक निव्वळ स्लाइडवर निभावली हेच विशेष. आता मी लाकडी खोक्यात २५ वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा लावून, वर जाळीवर स्लाइड आडव्या ठेवून, आत ४० अंश सेल्सिअसच्या आसपास कोरडी ऊब ठेवतो. अशा खोक्यातही बाल्समची कड कडक व्हायला महिना-दीड महिना लागतो, आणि मधला भाग पुरता घट्ट व्हायला त्याहून पुष्कळ अधिक. स्लिप उचलली जाऊ नये म्हणून तिच्यावर हार्डवेअरच्या दुकानातला एखादा लहान नट ठेवला तरी पुरेसे होते.

तलावातला स्पंज

ही स्लाइड कार्टर यांच्या वाटेने जाणारी आहे. गोड्या पाण्यातला स्पंज पाहिलेला माणूस मुंबईत विरळा भेटतो, आणि पाहूनही तो शेवाळ समजून सोडून दिलेले अनेकजण असतात. तलावातल्या दगडाच्या खालच्या बाजूला, बुडालेल्या काटकीवर किंवा जुन्या पाइपवर करड्या, हिरवट किंवा तपकिरी खरबरीत खपलीसारखा तो वाढतो. मार्च ते मे या काळात पाणी उतरले की ही खपली वाळून उघडी पडते. तिच्यात खसखशीहून बारीक, पिवळसर गोल दाणे दिसले तर तो स्पंजच समजावा. हे दाणे म्हणजे मुकुलिका. कोरड्या तलावात स्पंज मरतो, मुकुलिका उन्हाळा काढतात आणि पाऊस पडल्यावर त्यांतून नवा स्पंज उगवतो. खासगी किंवा संस्थेच्या तलावात परवानगी घ्यावी, राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलू नये आणि नखाएवढ्या तुकड्याहून अधिक कुठूनही घेऊ नये. उघड्या हाताने तो चोळू नये, कारण त्यातल्या काचेसारख्या सुया त्वचेत शिरून खाज आणतात आणि डोळ्याला तर फारच त्रास देतात.

स्पंजाचा सांगाडा या सुयांचा, म्हणजे कंटिकांचा, बनलेला असतो आणि त्या सिलिकाच्या असतात. कोणता स्पंज कोणत्या जातीचा हे ओळखण्याचा मुख्य आधार त्या कंटिकांचा आणि मुकुलिकेवरच्या कवचाचा आकार हाच आहे, म्हणून कंटिका सुट्या आणि स्वच्छ करणे हे या स्लाइडचे सारे काम. व्हिक्टोरियन अभ्यासक त्यासाठी नायट्रिक आम्लात तुकडा उकळत. घरात ते मुळीच करू नये. स्वयंपाकघरातले ब्लीचिंग द्रव हे काम करते. लहान काचेच्या नळीत तुकडा ठेवून तो बुडेल इतके ब्लीच घालावे आणि खिडकीजवळ सहा-सात तास ठेवावे. मांसल भाग फेसाळत विरघळतो आणि तळाशी पांढरी धूळ साचते. वरचे द्रव ड्रॉपरने काढून बॅटरीचे पाणी घालावे, धूळ बसू द्यावी, पुन्हा पाणी काढावे. असे किमान सहा वेळा करावे आणि प्रत्येक वेळी तास-दीड तास थांबावे, कारण सर्वांत लहान कंटिका सर्वांत शेवटी बसतात आणि घाई केली तर पाण्याबरोबर त्याच निघून जातात. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल मिसळले तर विषारी क्लोरिन वायू सुटतो, आणि अल्कोहोलशी मिसळले तरी घातक संयुगे तयार होतात. त्यामुळे ब्लीचचा वास पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटी अल्कोहोलने एकदा धुऊन त्या धुळीचा एक थेंब कव्हरस्लिपवर टाकावा, झाकून वाळवावा आणि ती स्लिप बाल्समच्या थेंबावर उलटी ठेवावी. कंटिकांचा वक्रीभवनांक बाल्समपेक्षा कमी असल्यामुळे त्या फिक्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाचा डायफ्रॅम, म्हणजे खालून येणारा प्रकाश कमी-जास्त करणारी झडप, थोडा बंद केला की त्यांच्या कडा उठून येतात. दोन्ही टोकांना निमुळत्या, किंचित वाकलेल्या, पारदर्शक अशा शेकडो सुया आडव्यातिडव्या पडलेल्या दिसतात. काही गुळगुळीत असतात, काही काटेरी. जिथे आज रहदारी आहे तिथल्या तलावात कार्टर यांनी हेच आकार पाहिले होते, ही जाणीव प्रत्येक वेळी मला थांबवते.

समुद्राच्या वाळूची कोरडी स्लाइड, ज्यात फोरामिनिफेरा या एकपेशीय समुद्री जीवांची इवलीशी कवचे असतात, हा व्हिक्टोरियन हौशींचा आवडता प्रकार होता, पण मुंबईसाठी मी तो सुचवत नाही. बंद कोरड्या पोकळीत ओल साचून काचेवर घाम येतो आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत बुरशी धरते. करायचीच असेल तर डिसेंबर-जानेवारीत करावी, वाळू आधी सिलिका जेलबरोबर आठवडाभर बंद डबीत ठेवावी, आणि चिमूटभराहून अधिक वाळू उचलू नये. पोवळी आणि काही शंख कायद्याने संरक्षित आहेत हेही ध्यानात असावे.

कडा आणि नाव

बाल्सम कडेला कडक झाला की गोल कव्हरस्लिपभोवती लाखेची कड काढावी. व्हिक्टोरियन कारागीर पट्टी एका फिरत्या चकतीवर बसवून, ब्रश स्थिर धरून, एका फेऱ्यात अखंड काळे वर्तुळ काढत. केक सजवण्याची फिरती थाळी त्यासाठी छान चालते. हार्डवेअरच्या दुकानातून चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, आणून त्या अल्कोहोलमध्ये मधासारख्या दाट विरघळवाव्यात आणि एक एक दिवसाच्या अंतराने तीन पातळ थर द्यावेत. ही लाख आपल्याच देशातल्या झाडांवरच्या कीटकांची. इंग्लंडमधल्या त्या टेबलांवर ती इथूनच पोहोचत असे. कड शोभेसाठी असते असा समज आहे, पण आमच्या हवेत तिचे खरे काम ओल आणि धूळ आत शिरू न देणे हे आहे.

आता जे सांगतो ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नावाची चिठ्ठी नसलेली स्लाइड कितीही सुंदर असली तरी अभ्यासाच्या कामाची राहत नाही. काय आहे, कुठून आणले, कधी आणले आणि कोणी केली, या चार गोष्टी त्याच दिवशी लिहाव्यात. पेन्सिल किंवा काळी चित्रकलेची शाई वापरावी, बॉलपेन नको. माझ्या पहिल्या तीस स्लाइडच्या चिठ्ठ्या मी खळीने चिकटवल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात कसर लागली आणि अर्ध्याहून अधिक चिठ्ठ्यांची कुरतडून जाळी झाली. खळीच्या लोभाने तो किडा कागदही खातो. त्या स्लाइडमधल्या एका पंखाविषयी आजही मला सांगता येत नाही की तो वसईचा की येऊरचा. तेव्हापासून मी प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने क्रमांक कोरतो आणि तोच क्रमांक वहीत नोंदवतो, म्हणजे कागद गेला तरी काच बोलते.

ठेवण आणि जुनी स्लाइड

स्लाइड नेहमी आडव्याच ठेवाव्यात. मे महिन्यात बंद खोलीतले कपाट तापते, आतला बाल्सम मऊ होतो, आणि पट्टी उभी असेल तर कव्हरस्लिप नमुन्यासह हळूहळू खाली घसरते. जुन्या काळच्या स्लाइडच्या कपाटांत इतके उथळ खण असतात ते याच कारणाने. सुताराकडून तसे खण करून घ्यावेत किंवा पुठ्ठ्याचे ट्रे करावेत, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तव्यावर कोरड्या करून पुन्हा ठेवाव्यात. उजेड आत येऊ देऊ नये, रंगवलेले नमुने त्याने फिके पडतात.

एखादी जुनी स्लाइड हाती आली तर ती चमकवण्याचा मोह आवरावा. स्पिरिट किंवा अल्कोहोल मुळीच लावू नये, कारण लाखेची कड त्यात विरघळते आणि चिठ्ठीची शाई पसरते. झायलीन तर बाल्समच सोडवते. खिडकीची काच किंचित ओल्या, घट्ट पिळलेल्या कापसाने पुसून लगेच कोरडी करावी आणि कागदाला हातही लावू नये. नक्षीचा कागद कितीही फाटलेला असला तरी तो काढून नवा लावू नये. त्याचा रंग आणि नक्षी यांवरून कारागिराचा माग काढणारे अभ्यासक आहेत. चोर बाजारातून आणलेल्या सोंडेच्या स्लाइडवर माझ्या हाताने मी काहीच कोरले नाही, तिचा क्रमांक फक्त ट्रेच्या खणावर लिहिला आहे. तिच्या चिठ्ठीवरची शाई पुसट तपकिरी झाली आहे, माशीच्या सोंडेचे इंग्रजी नाव तेवढे लागते आणि खाली जिथे नाव असायला हवे तिथला कागद खाल्लेला आहे. वहीत तिच्यासमोर विकत घेतल्याची तारीख आणि ठिकाण आहे. 'कोणी केली' हा रकाना कोरा ठेवला आहे, आणि एखाद्या जाणकाराने कागदाच्या नक्षीवरून ओळख पटवली तर ती पेन्सिलीने लिहिता यावी म्हणून त्यापुढे दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.